बिबा नव्हे, कलप

पुण्याच्या एका दैनिकात मी काही वर्षे बातमीदार होतो, नंतर उपसंपादक. अपघात, आगी, पटकीच्या साथी, विहिरीत पडलेली माणसे, असे बरेच काही हातावेगळे केले. कलप लावल्यामुळे एखाद्याचे डोळे जाण्याची वेळ आली, अशी बातमी टेबलावर कधी आली नाही. ती आता माझ्याच बाबतीत घडली, म्हणून लिहितो आहे. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. काय घडले, कसे घडत गेले आणि चूक कुठे झाली, एवढेच येथे आहे. कलप लावणाऱ्याला, किंवा त्याच्या घरच्यांना, यातले काही वेळेवर आठवले तर पुष्कळ झाले.

*

माझे केस विशीतच पिकू लागले. ते आईकडून आले. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोके साठी उलटली तरी निम्मे काळे होते आणि मिशा पूर्ण काळ्या. त्या मिशांना पीळ भरूनच ते घराबाहेर पडत. कासारवाडीतच काय, भोसरीच्या बाजारातही त्यांना मिशांवरून ओळखत. बापलेक बरोबर चाललो की नवखा माणूस आम्हाला भाऊ समजे, आणि थोरला मला.

दैनिक बंद पडले तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि तिथे कारकुनांची भरती निघाली. वयाची अट पस्तिशीच्या आत. माझ्याकडे शाळेचा दाखला होता, पण आमच्या गावच्या मास्तरांनी वर्गातली झाडून सारी मुले एक जूनला जन्माला घातलेली. त्या दाखल्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही, कंपनीचा डॉक्टर तोंड बघून वय लिहितो, अशी गावात बोलवा होती. ती खरी की खोटी, हे कोणी विचारायला गेले नाही.

त्यामुळे भरतीच्या आधी धोंडिबा न्हाव्याकडे गर्दी झाली. धोंडिबा काळेवाडीचा. आमच्याकडे पिंपळाखाली बसायचा. त्याने पुण्याहून कलपाची सुटी पूड आणली होती. कागदाची साधी पुडी, वर काही छापलेले नाही. पूड वाटीत घ्यायची, बाटलीतले फेसाळणारे औषध तिच्यात कालवायचे आणि जुन्या ब्रशाने केसांना फासायचे. त्या आठवड्यात गावातले निम्मे बाप्ये तरुण झाले.

माझे डोके आणि मिशा झाल्यावर धोंडिबाने आरसा पुढे धरला.

"आता बगा राव. आजवर आबाचं थोरलं बंधू दिसत व्हता. आज लेक दिसाया लागला."

"रंग टिकेल ना?"

"टिकंल? अवो, डाक्टरनं चाळीस म्हनलं तर माज्याकडं धाडून द्या त्याला. त्याचंबी काळं करतो."

बसलेली माणसे हसली. मीही हसलो. डोक्याला थोडी खाज सुटली होती, ती मी सांगितली नाही. नव्या धोतराचीसुद्धा पहिल्या दिवशी खाज सुटते.

*

सकाळी उठलो तेव्हा कपाळ जड झाले होते. कानांच्या पाळ्या जाड, केसांच्या कडेने लाल पट्टा आणि त्यात पाण्याने भरलेले बारीक फोड. दुपारपर्यंत पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी राहिल्या. ओठ आणि मिशांखालची कातडी हुळहुळत होती.

माझी बायको तारा म्हणाली, "आरसा नगा बगू." तेवढ्यावरून मी ओळखले.

आबा शेतावरून आले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवले आणि लगेच निकाल दिला.

"बिबा उतलाय."

मी म्हणालो, "आबा, मी बिब्याला हात लावलेला नाही."

"तू न्हाई लावला. धोंड्यानं घातला आसंल त्या काळ्यात. काळं कशानं व्हतं मंग? परीट कापडाला खुना कशानं करत्यात?"

हे आमच्याकडे कोणालाही पटले असते. बिब्याचा रस काळा असतो, तो अंगावर उतला की असेच फोड येतात, आणि त्यावरचा उतारा घरोघर माहीत आहे: तीळ आणि खोबरे वाटायचे, पोटातही द्यायचे आणि वरूनही चोळायचे. आबांनी स्वतः पाट्यावर बसून वाटण केले. एरवी ते पाट्याजवळ कधी फिरकत नसत. माझे डोके मांडीवर घेऊन त्यांनी ते तेलकट वाटण केसांच्या मुळांशी चांगले जिरवले, मिशांना लावले आणि वर फडके बांधले. त्यांचा हात जड होता, पण त्या दिवशी तो हलका लागला. लहानपणानंतर त्यांनी माझ्या डोक्याला हात लावल्याचे मला आठवत नाही.

केसांत न मुरलेला जो रंग उरला होता, तो त्या तेलात सुटला. घामाबरोबर तो फडक्यातून कपाळावर उतरला आणि तिथून डोळ्यांत. दुसऱ्या दिवशी डोळे पूर्ण मिटले. बोटांनी पापण्या ओढल्या तरी उघडेनात. घसा आवळल्यासारखा झाला आणि आवाज घोगरा झाला. तेव्हा ताराने कोणाला न विचारता मुंबई रस्त्यावर जाऊन पुण्याकडे निघालेली दुधाची गाडी थांबवली. कॅनच्या मधे मला बसवले. आबा शेजारी बसले. वाटेत आबा काही बोलत होते. त्यातले एवढेच कळले की ते ड्रायव्हरला गाडी हळू हाण म्हणत होते आणि तारा जोरात हाण म्हणत होती.

*

इस्पितळातल्या डॉक्टरांचा आवाज तरुण होता. त्यांनी पहिल्यांदा दंडात एक सुई टोचली आणि घसा मोकळा होईपर्यंत दुसरे काही विचारले नाही. मग विचारले, "केसांना काय लावलं होतं?"

"कलप."

"तरीच." त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव उच्चारले आणि माझ्या विनंतीवरून पुन्हा, तोडून तोडून सांगितले: पॅरा-फेनिलीन-डायअमाइन. "केस काळे करायला ते वापरतात. रबराच्या आणि रंगाच्या कारखान्यांतही त्याची जातभाई रसायनं लागतात. दहा जणांना काही होत नाही, अकराव्याला असं होतं. पूर्वी कधी फोटो धुण्याच्या कामात होतात का?"

मी चकित झालो. दैनिकात छायाचित्रकार रजेवर असला की मी अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला मदत करीत असे. तो बारीक दाण्याच्या फोटोसाठी एक वेगळी पूड वापरायचा. तिने माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची आणि मी ते काम सोडले होते.

"शरीर तेव्हाच रुसलं होतं," डॉक्टर म्हणाले. "काल त्यानं ओळख दाखवली."

मग माझ्या केसांना हात लावून ते थांबले. "हे तेल कोणी लावलं?"

तारा उभी होती त्या बाजूला बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"म्या," आबा म्हणाले. "बिबा हाय म्हनून."

"त्या तेलानंच रंग डोळ्यांत उतरला, बाबा," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण त्यांनी ते सांगितले. बहुधा सांगायलाच हवे होते. आबांची काठी खिडकीकडे सरकली.

डोळ्यांबद्दल मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरून डोळा उघडल्याशिवाय मी काही सांगणार नाही. बुबुळाला इजा झाली असेल, नसेलही. पण रंग अजून मुळांशी आहे. धुऊन काढला तरी तेलामुळे थोडा थोडा उतरतोच आहे. डोक्यावरचे केस आणि मिशा आजच्या आज काढून टाका. जितका उशीर, तितका धोका."

*

वॉर्डचा दिवस मला कानांनी कळायचा. पहाटे बादलीचा आवाज, मग पितळी पिंपातून पेल्यात पडणारा चहा, मग सिस्टरच्या बुटांची टकटक आणि डोळ्यांवर बोरिकच्या गार पाण्याच्या घड्या. घडी बदलताना क्षणभर बरे वाटे. माणूस त्या क्षणाची वाट पाहत पडून राहतो.

शेजारच्या खाटेवर किसन नावाचा बीडकडचा गडी होता. कारखान्याच्या बांधकामावर डोक्यावर परात घेऊन जाताना पाय घसरून पडलेला, पाय प्लास्टरात. तो साक्षरता वर्गात नुकताच वाचायला शिकला होता. वॉर्डात येणारे वर्तमानपत्र तो मोठ्याने, अक्षर लावून वाचायचा.

"भाऊ, मी वाचायलो, तुमी ऐका. चुकलं तर सांगा बरं का."

तो एका ओळीला बराच वेळ घेई. माझे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या ओळी भराभर वाचण्यात गेले होते. आता एकेका शब्दासाठी थांबावे लागत होते, आणि मी थांबत होतो. डोळे गेले तर पुढे काय, हा विचार त्या वाचनाच्या वेळात येत नसे. इतर वेळी तोच असे. कारकुनाला डोळे लागतात. उपसंपादकाला तर लागतातच. शेती करायची तर जमीन थोडी, आणि औताला जुंपलेल्या बैलालाही समोर दिसावे लागते. भीती अशी हिशेबाच्या रूपात येत होती. रडू आले नाही, त्याचे एक कारण रडल्याने डोळे झोंबत.

*

वॉर्डचा न्हावी त्या पहिल्याच दुपारी आला. त्याने धोपटी खाली ठेवली, वस्तरा चामड्यावर घासला, माझ्या डोक्याला पाणी लावले आणि नेहमीच्या सवयीने विचारले, "वडील हायेत?"

वाचकांत कोणी बाहेरचे असतील तर सांगतो. आमच्याकडे बाप असताना मुलगा मिशा उतरवीत नाही. डोके आणि मिशा भादरलेला माणूस गावात दिसला की लोक एकच प्रश्न विचारतात.

"हायेत," आबा म्हणाले. "हितंच हायेत. जित्ता हाय मी अजून."

न्हाव्याचा हात थांबला. "मग मिशा कशा काढू, बाबा? डोकं काढतो येक वेळ. मिशांचं पाप माज्या वस्तऱ्याला नको."

डॉक्टरांना बोलावले. त्यांनी समजावले, पुन्हा समजावले आणि दुसऱ्या वॉर्डात गेले. न्हाव्याने डोके केले. गार हवा टाळूला लागली. मिशांशी तो थांबून राहिला.

"आबा," मी म्हणालो, "वैद्यकी आहे ही. याला सुतक नाही."

"तुला समजत न्हाई." त्यांचा आवाज खिडकीकडून आला. "माज्या बापाच्या वक्ताला म्या दिल्या. माज्या वक्ताला तू देशील. ह्यो नेम हाय. मधीच दिल्यास तर मी कोन? लोकं दारात यितील मला पोचवाया, आन मी वसरीवर बसल्याला. आसलं वंगाळ करून घ्यायचं?"

"लोक काय म्हणतील ते..."

"लोकास्नी काय लागतंय! मी म्हंतो ना वंगाळ." आणि मग, हळू: "आधीच माज्या हातानं येक वंगाळ झालंय."

तेव्हा मला कळले की ते मिशांविषयी बोलत नव्हते. ते स्वतःच्या हातांना भीत होते. त्या हातांनी तेल लावले तर डोळे मिटले. आता तोंडाने हो म्हटले तर आणखी काय घडेल, अशी ती भीती होती.

तारा लग्न होऊन आल्यापासून आबांशी थेट बोलली नव्हती. काही सांगायचे झाले की मला सांगायची किंवा भिंतीला: "भाकरी झालीया म्हनावं." त्या दुपारीही तिने सुरुवात तशीच केली.

"त्यास्नी म्हनावं..." आणि ती थांबली. मग तिचा आवाज फिरला. ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती.

"आबा, ह्यांचं डोळं गेलं, तर ह्यांच्या मिशा ह्यांनी बगायच्या कशा? आन तुमच्या तरी कशा बगायच्या?"

किसन नंतर म्हणाला, "भाऊ, मला वाटलं आता म्हातारं वयनीला झापतंय."

आबांनी झापले नाही. त्यांची काठी फरशीवर वाजत जवळ आली. "न्हाव्या," ते म्हणाले, "हिकडं ये जरा." दोघे काहीतरी कुजबुजले. न्हावी म्हणाला, "खरंच म्हणता?" मग स्टूल सरकल्याचा आवाज, पाण्याची वाटी, वस्तऱ्याची खरखर. माझ्या आधी आणखी कोणाचे तरी चालले आहे असे मला वाटले. वॉर्डात पुष्कळ रोगी होते. मी माझी वाट पाहत पडलो. मग न्हाव्याची बोटे माझ्या ओठावर आली, आणि त्याने काही न विचारता मिशा उतरवल्या.

*

त्यानंतर सूज ओसरू लागली. एकदम नाही. आधी कान हलके झाले, मग कपाळ. फोड सुकले आणि त्यांच्या खपल्या उशीवर पडू लागल्या. एके सकाळी सिस्टरने घडी काढली तेव्हा डाव्या डोळ्यात एक पांढरी रेघ दिसली. ती रेघ म्हणजे खिडकी होती. मी ते कोणाला सांगितले नाही. आशा खोटी ठरली तर ती सगळ्यांना पुन्हा सोडायला लावायची नव्हती.

दुपारी दोन्ही पापण्या किलकिल्या झाल्या. खाटेशेजारी स्टुलावर कोणी म्हातारा बसला होता. गुळगुळीत डोके, वरचा ओठ उघडा आणि आजूबाजूच्या रापलेल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी फिका, भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर मागचा झाकलेला भाग दिसतो तसा. वॉर्डातला कोणी रोगी असेल असे मला वाटले.

"कोण पाहिजे आपल्याला?" मी विचारले.

म्हाताऱ्याच्या हातातली काठी पडली.

"दिसतंय?" आबांचा आवाज आला. "तारे, आगं दिसतंय त्याला! दिसतंय, पर बाप वळखू येत न्हाई!"

किसन खाटेवर उठून बसला आणि हसता हसता त्याचा प्लास्टरातला पाय दुखावला. तारा पदर तोंडात धरून उभी होती. मी आबांकडे बघत राहिलो. असा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता.

"तुम्ही का दिल्या?" मी विचारले.

"म्हंजी काय?" ते काठी उचलत म्हणाले. "तुज्या एकट्याच्या गेल्या तर लोकं म्हनत्याल, म्हातारा गेला. दोगांच्या गेल्या तर म्हनत्याल, दोगं मिळून कुनाला तरी पोचवून आलं. मंग मी जित्ता राह्यलो का न्हाई?"

*

गावात तसेच झाले. आम्ही घरी पोहोचतो तोच शेजारच्या बायका डोईवर पदर घेऊन दारात आल्या. "कोन गेलं वो?" आबा ओसरीवर बसले आणि म्हणाले, "कलप."

धोंडिबा दोन दिवस फिरकला नाही. मग आला आणि उंबऱ्याबाहेरच बसला. "राव, बाकीच्या कुनाला काय झालं न्हाई वो. शपत." ते खरे होते. त्याने उरलेली पूड फेकली की नाही, मला माहीत नाही. पण तेव्हापासून तो पूड कालवली की थेंबभर कानामागे लावतो आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी यायला सांगतो. डॉक्टरांनी मला सांगितले होते, ते मी त्याला सांगितले. वाचणाऱ्यांनाही तेच सांगणे आहे. कानामागे थेंब लावा, दिवसभर थांबा. खाज सुटली तर केस पांढरे राहू द्या. आणि तोंड सुजले तर कशानेही सुजले असो, तेल चोळू नका. साध्या पाण्याने धुवा आणि इस्पितळ गाठा.

भरतीची तारीख माझ्या आजारपणात निघून गेली होती. काही महिन्यांनी दुसरी निघाली. तोवर डोक्यावर बोटभर केस आले होते, सगळे पांढरे. आबा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले.

कंपनीच्या डॉक्टरांनी केसांकडे पाहिलेही नाही. छाती तपासली, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले. मी वरच्या मोठ्या अक्षरापासून सुरुवात केली आणि उतरत उतरत शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या टाइपात छापखान्याचे नाव होते. तेही वाचले.

"तेवढं नको," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर सही केली.

फाटकाशी आबा काठीवर भार देऊन उभे होते.

"काय म्हनला? वयाचं इचारलं?"

"नाही. वाचायला लावलं."

"मंग?"

"सगळं वाचलं."

आबांनी मान हलवली. हात आपोआप ओठाकडे गेला, पीळ भरायला. तिथे पीळ भरण्याइतके अजून काही आलेले नव्हते. त्यांनी तो हात तसाच पुढे करून माझ्या डोक्यावरून फिरवला, आणि आम्ही घराकडे निघालो.